शेरीफची बदली होत नाही!

शेरीफ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रुंद काठाची हॅट, छातीवर चांदणीचा बिल्ला, कमरेला पिस्तूल आणि समोर धुळीचा लांबच लांब रस्ता. परीक्षा संपल्याच्या रात्री हॉस्टेलमध्ये जे वेस्टर्न सिनेमे लागतात, त्यांनी ही मूर्ती आपल्या डोक्यात पक्की बसवली आहे. सिनेमातल्या शेरीफला कामं दोनच. एकतर गोळ्या झाडायच्या, नाहीतर गुंडांना घाबरून बिल्ला टेबलावर ठेवायचा आणि गाव सोडायचं.

पण मित्रांनो, शेरीफ हा काही सिनेमावाल्यांच्या डोक्यातून निघालेला प्राणी नाही. अमेरिकेत आजही सुमारे तीन हजार शेरीफ नोकरीवर आहेत. 'नोकरीवर' हा शब्द खरं म्हणजे चुकीचाच, कारण त्यातले बहुतेक निवडून आलेले आहेत. चक्क मतपेटीतून! पोलिसांचा साहेब मतांवर निवडून येतो, त्याला वरून कुणी हलवू शकत नाही, ही गोष्ट आपल्याला अजब वाटते. ती कशी चालते, कुठे छान चालते आणि कुठे पार घसरते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

शायर-रीव्ह ते शेरीफ

हा शब्द मुळात इंग्लंडचा. हजारेक वर्षांपूर्वी तिथे परगण्याला 'शायर' म्हणत आणि राजाच्या कारभाऱ्याला 'रीव्ह'. परगण्याचा कारभारी तो 'शायर-रीव्ह', आणि बोलता बोलता त्याचा झाला शेरीफ. राजाचा सारा वसूल करणं, गुन्हेगार पकडणं, कोर्टाचे हुकूम बजावणं ही त्याची कामं. म्हणजे आपल्याकडचा तहसीलदार, फौजदार आणि कोर्टाचा बेलिफ एकाच अंगरख्यात कोंबल्यासारखं. सत्ता एवढी म्हटल्यावर मनमानीही आलीच. १२१५ सालच्या प्रसिद्ध मॅग्ना कार्टामध्ये शेरीफांना लगाम घालणारी कलमं आहेत, ती उगीच नाहीत.

इंग्रज जिथे गेले तिथे शेरीफ घेऊन गेले. आपल्या मुंबईतही! 'मुंबईचे नगरपाल' हे पद ऐकलंय ना? ते म्हणजेच शेरीफ ऑफ बॉम्बे. डॉ. भाऊ दाजी लाड हे १८६९ आणि १८७१ अशा दोन वेळा मुंबईचे शेरीफ होते. १९८० मध्ये तो मान अभिनेते दिलीपकुमार यांना मिळाला. मुंबईत आणि खुद्द इंग्लंडमध्येही हे पद हळूहळू शोभेचं झालं. अमेरिकेत मात्र नेमकं उलटं घडलं. सुरुवातीला तिथेही गव्हर्नर शेरीफ नेमायचे. एकोणिसाव्या शतकात 'आमचा कारभारी आम्हीच निवडू' ही हवा वाहू लागली आणि राज्याराज्यांत शेरीफपद निवडणुकीचं झालं. राजाचा माणूस मतदारांचा माणूस बनला.

काउंटी नावाचं प्रकरण

शेरीफ असतो काउंटीचा. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा. पण आकाराचा काही मेळ नाही. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत माणसं भरली ६४. आपल्या हॉस्टेलच्या एका मजल्यावर याहून जास्त पोरं राहतात! क्षेत्रफळ मात्र सुमारे १,७५० चौरस किलोमीटर. नेवाडा राज्यातली नाय काउंटी तर सुमारे ४७ हजार चौरस किलोमीटरची. आपल्या राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) १७ हजार चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे नाय काउंटी त्याच्या पावणेतीन पट. लोकसंख्या? २०२० मध्ये जेमतेम ५१ हजार. अहिल्यानगर जिल्ह्यात २०११ मध्येच ४५ लाख होती.

काउंटीतल्या ज्या शहरांना स्वतःची नगरपालिका आहे, त्यांचे स्वतःचे पोलीस असू शकतात. त्यांच्या प्रमुखाला पोलीस चीफ म्हणतात. त्याला महापौर किंवा नगरपालिका नेमते आणि तीच काढूनही टाकते. उरलेला सगळा मुलूख, म्हणजे शेतं, रानं, डोंगर, वाळवंट, चार घरांच्या वस्त्या, यांचा बंदोबस्त शेरीफकडे. म्हणून ग्रामीण अमेरिकेत पोलीस म्हणजे शेरीफच.

शेरीफ निवडतात कसा?

पन्नासपैकी ४६ राज्यांत शेरीफ लोकांच्या मतांनी निवडला जातो. अलास्कात काउंट्याच नाहीत. कनेटिकटने हे पद २००० साली मोडीत काढलं. हवाई आणि ऱ्होड आयलंडमध्ये नेमणूक होते. मुदत बहुतेक ठिकाणी चार वर्षं, पण न्यू हॅम्पशायरमध्ये दोन, न्यू जर्सीत तीन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये सहा. बऱ्याच राज्यांत उमेदवार पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो. घराच्या अंगणात पाट्या लागतात, जत्रेत हात मिळवणं होतं, 'आमच्या भागात रात्री गस्तच येत नाही' अशी गाऱ्हाणी ऐकावी लागतात. काही राज्यांत तर आयुष्यात कधी पोलिसाची वर्दी न घातलेला माणूसही उभा राहू शकतो.

माझे काका आमच्या गावचे पोलीस पाटील आहेत. सुट्टीत घरी गेलो तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. ते हसून म्हणाले, "मग तो साहेब कसला? तो तर सरपंच झाला!" मला वाटतं या विषयाची मेख काकांच्या या एका वाक्यात आहे. शेरीफला एकाच वेळी फौजदारही व्हायचं असतं आणि सरपंचही. कायदा सर्वांना सारखा लावायचा, आणि ज्यांना लावायचा त्यांच्याकडेच चार वर्षांनी मतं मागायला जायचं!

खात्याची कामं तरी किती

शेरीफच्या हाताखाली अंडरशेरीफ किंवा चीफ डेप्युटी, मग सार्जंट वगैरे आणि शेवटी गाडी घेऊन फिरणारे डेप्युटी अशी उतरंड असते. छोट्या काउंटीत ही उतरंड चार-पाच माणसांतच संपते आणि शेरीफ स्वतः रात्रपाळी करतो. कामं मात्र मोठ्या खात्याइतकीच:

१. गस्त आणि तपास. चोरीपासून खुनापर्यंत सगळं. मोठ्या गुन्ह्यात राज्याच्या तपासयंत्रणेची मदत घेतात.

२. काउंटी जेल चालवणं. हे बहुतेक राज्यांत शेरीफचं सर्वांत खर्चिक आणि डोकेदुखीचं काम. जेल आणि प्रिझन हे शब्द आपण एकच समजतो, पण तिथे फरक आहे. मोठी शिक्षा झालेले कैदी राज्याच्या प्रिझनमध्ये जातात. काउंटी जेलमध्ये असतात ते खटल्याची वाट पाहणारे आणि साधारण वर्षाच्या आतल्या शिक्षेचे. देशभरातल्या अशा जेलांत निम्म्याहून बरेच जास्त लोक अजून दोषी ठरलेलेच नसतात.

३. कोर्टाची कामं. कोर्टात बंदोबस्त ठेवायचा, समन्स पोचवायचे, जप्ती करायची, भाडं थकलेल्याला घराबाहेर काढायचं. काल ज्याच्या शेजारी चर्चमध्ये बसलो, त्याच्याच दारावर आज नोटीस चिकटवायची.

४. शोध आणि सुटका. डोंगरात ट्रेकर हरवला, नदीला पूर आला, बर्फात गाडी अडकली की फोन शेरीफला. कोलोराडो राज्यात तर कायद्यानेच ही जबाबदारी शेरीफवर टाकली आहे, आणि रानातले वणवेही त्याच्याच गळ्यात.

५. किरकोळ वाटणारी भारी कामं. केंटकी आणि लुइझियानात शेरीफ मालमत्ता कर गोळा करतो. (जुना शायर-रीव्ह आठवला का?) कॅलिफोर्नियातल्या अनेक काउंट्यांत तोच कोरोनरही असतो, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी त्याच्याकडे.

या यादीपेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे अंतर. शहरातल्या पोलिसाने वायरलेसवर मदत मागितली तर पाच मिनिटांत चार गाड्या येतात. ग्रामीण काउंटीत एका पाळीला दोन-तीन डेप्युटी, आणि दुसरी गाडी चाळीस-पन्नास मैलांवर असू शकते. दारू पिऊन बंदूक घेऊन बसलेल्या माणसासमोर एकटा डेप्युटी उभा असतो तेव्हा पिस्तुलापेक्षा तोंड जास्त कामाला येतं. तो माणूस, त्याचा बाप, त्याचं कर्ज, त्याचं भांडण हे सगळं डेप्युटीला ठाऊक असणं हीच त्याची मदतीची गाडी. मानसिक रुग्णाला इस्पितळात पोचवायचं तर एखादा डेप्युटी कित्येक तास गाडी चालवत जातो, आणि तेवढा वेळ काउंटीत एक माणूस कमी. खात्याचं नेतृत्व म्हणजे भाषणं नव्हेत, तर आज रात्री कोणता रस्ता उघडा सोडायचा हे ठरवणं.

बदली नाही, मग धाक कुणाचा?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. शेरीफचा साहेब कोण? काउंटीचं एक निवडून आलेलं मंडळ असतं, आपल्या जिल्हा परिषदेसारखं. शेरीफच्या खात्याचं बजेट ते मंजूर करतं. पण 'याला पकड, त्याला सोड' असा हुकूम ते शेरीफला देऊ शकत नाही, कारण तोही त्यांच्यासारखाच निवडून आलेला. बऱ्याच राज्यांत डेप्युटी ठेवणं, काढणं हेही शेरीफच्या मर्जीवर असतं.

आणि वॉशिंग्टनचं सरकार? त्याचं उत्तर मोंटाना राज्यातल्या रावाली या ग्रामीण काउंटीच्या शेरीफने मिळवलं. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने पिस्तूल विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायचं काम स्थानिक अधिकाऱ्यांवर टाकलं. रावालीचे शेरीफ जे प्रिंट्झ कोर्टात गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की केंद्र सरकार स्थानिक अधिकाऱ्यांना असं राबवून घेऊ शकत नाही. पुढे या निकालाचा फार ताणून अर्थ लावणारे शेरीफही निघाले. 'आमच्या काउंटीत घटनेचा अर्थ आम्हीच लावू' असं म्हणणारे! तसं मात्र न्यायालयाने कुठेही म्हटलेलं नाही.

बदलीचा धाक नसेल तर काय होतं, याचं एक उदाहरण हॉस्टेलवाल्यांना लगेच पटेल, कारण ते मेसचं आहे. अलाबामा राज्यात एक जुना कायदा होता. जेलमधल्या कैद्यामागे रोज १.७५ डॉलर जेवणखर्च राज्याकडून मिळे, आणि त्यातून जे उरेल ते शेरीफ स्वतःच्या खिशात घालू शकत असे. कायदेशीर! मग व्हायचं तेच झालं. मॉर्गन काउंटीच्या शेरीफने तीन वर्षांत सुमारे २ लाख १२ हजार डॉलर 'वाचवले'. कॉर्नडॉग म्हणजे मक्याच्या पिठात घोळून तळलेले काडीवरचे सॉसेज. त्यांचा ट्रकच स्वस्तात मिळाला म्हणून कैद्यांना कित्येक आठवडे तेच खायला घातले. जानेवारी २००९ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी या शेरीफला एक रात्र कोठडीत पाठवलं. तो कायदा संपूर्ण राज्यात बंद व्हायला २०१९ उजाडावं लागलं. विचार करा, ही लूट चालू असतानाही शेरीफांच्या निवडणुका वेळच्या वेळी होतच होत्या. मग मतदारांनी का नाही रोखलं? कारण कॉर्नडॉग खाणारे मतदानाच्या रांगेत जवळपास नव्हतेच.

सेल्मा आणि टस्कीगी

आपण कंट्रोल सिस्टिम्समध्ये शिकतो की फीडबॅक असला की सिस्टिम ताळ्यावर राहते. निवडणूक म्हणजे शेरीफसाठी फीडबॅकच. पण सेन्सर अर्धाच सिग्नल वाचत असेल तर? सिस्टिम तरीही स्थिर दिसते. फक्त चुकीच्या जागी स्थिर! याचं जिवंत उदाहरण अलाबामातलीच डॅलस काउंटी. तिचं मुख्य गाव सेल्मा. १९६५ साली तिथे निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची, पण त्यांच्यातल्या शंभरात दोघा-तिघांचीच नावं मतदार यादीत होती. शेरीफ होता जिम क्लार्क. छातीवर शेरीफचा बिल्ला आणि शेजारी दुसरा बिल्ला, त्यावर शब्द एकच: 'नेव्हर'. म्हणजे काळ्यांना मत? कदापि नाही! नाव नोंदवायला कोर्टाबाहेर रांगेत उभ्या राहिलेल्यांना तो आणि त्याचे डेप्युटी हुसकत, अटक करत.

शेरीफला एक जुना अधिकार असतो. गरज पडली तर गावातल्या धडधाकट माणसांना मदतीला बोलवायचं. त्या जमावाला 'पॉसी' म्हणतात. सिनेमात घोडेस्वार दरोडेखोरांच्या मागे दौडतात ना, तीच. क्लार्कने ही पॉसी वापरली ती स्वतःच्याच काउंटीतल्या नागरिकांवर. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर निःशस्त्र मोर्चा आला तेव्हा राज्य पोलिसांबरोबर त्याची घोडेस्वार पॉसीही लोकांवर तुटून पडली. ते दृश्य टीव्हीवरून देशभर गेलं. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली.

आणि पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, शेरीफची निवडणूक आली. आता यादीत हजारो नवी नावं होती. क्लार्क पडला. त्याला हरवणारे विल्सन बेकर हेही गोरेच आणि पोलीस खात्यातलेच, पण लाठीपेक्षा बोलण्याने काम काढणारे. बदलीने जे झालं नसतं, ते मतदार यादी बदलल्यावर एका निवडणुकीत झालं.

त्याच १९६६ मध्ये अलाबामातच आणखी एक घटना घडली. मेकन काउंटीत ल्युशियस अमर्सन निवडून आले आणि जानेवारी १९६७ मध्ये शेरीफ झाले. अमेरिकेच्या दक्षिण भागात एकोणिसाव्या शतकानंतर निवडून आलेले हे पहिले कृष्णवर्णीय शेरीफ. मेकन काउंटी म्हणजे कोणती? जिथे टस्कीगी आहे ती! वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' ज्यांनी वाचलं त्यांना टस्कीगी हे नाव सांगायला नको. कार्व्हर १८९६ मध्ये तिथे आले आणि १९४३ मध्ये तिथेच वारले. ते गेले त्यानंतर २३ वर्षांनी त्यांच्या काउंटीतल्या लोकांना आपल्यातला शेरीफ निवडता आला. ज्या बिल्ल्याची तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी जन्मभर धास्ती घेतली, तो बिल्ला आता त्यांच्या मताने कुणाच्या तरी छातीवर लागत होता. अमर्सन तब्बल वीस वर्षं शेरीफ राहिले.

हीरो पाहून घ्या, पण तपासूनही घ्या

लोकप्रियतेची दुसरी बाजूही सांगायला हवी. टेनेसीतल्या मॅकनेरी काउंटीचा ब्यूफर्ड पुसर हा १९६४ ते १९७० शेरीफ होता. अवैध दारूवाल्यांशी झुंजणारा दांडगा गडी म्हणून त्याची ख्याती. १९६७ मध्ये गाडीवरच्या गोळीबारात त्याची बायको मारली गेली, तो जखमी झाला. १९७३ मध्ये त्याच्यावर 'वॉकिंग टॉल' हा गाजलेला सिनेमा निघाला. १९७४ मध्ये तो मोटार अपघातात गेला. पुढे अनेक वर्षांनी राज्याच्या तपासयंत्रणेने हे प्रकरण पुन्हा उघडलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारी वकिलांनी जाहीर केलं की पुसर जिवंत असता तर बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावरच ठेवण्याइतका पुरावा आहे. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, त्यामुळे कोर्टाचा निकाल कधीच येणार नाही. पण ५८ वर्षं हा प्रश्न कुणी नीट विचारला नाही, कारण गोष्ट सांगणारा स्वतःच शेरीफ होता आणि लोकांचा लाडका होता.

आपल्याला काय घेण्यासारखं?

आपल्याकडे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक परीक्षा देऊन येतात, प्रशिक्षित असतात, त्यांना मतं मागावी लागत नाहीत. हे मोठंच बळ आहे. पण त्यांच्या बदलीची दोरी मुंबईत असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सांगितलं की जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाला आणि ठाणेदाराला किमान दोन वर्षं तरी एका जागी राहू द्या. हे न्यायालयाला सांगावं लागलं, यातच सगळं आलं. गावपातळीवर पोलीस पाटील आहे. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात. त्याला गावातलं पान न् पान माहीत, पण हातात अधिकार तुटपुंजे आणि खिशात मानधन.

तर मग आपणही साहेब निवडून द्यावा का? माझं मत विचाराल तर नको. जातीची, भावकीची गणितं ग्रामपंचायतीत काय करतात ते आपण पाहतोच. पोलीस ठाण्यात ती आणली तर डॅलस काउंटी व्हायला वेळ लागणार नाही. पण शेरीफकडून दोन गोष्टी उचलाव्यात. एक, साहेबाला त्या मुलखात मुरायला पुरेसा काळ मिळावा. दोन, वर्षातून एकदा तरी त्याने गावकऱ्यांसमोर उभं राहून 'मी काय केलं' याचा हिशेब द्यावा, आणि त्या सभेत ज्यांच्या घरी पोलीस सर्वांत जास्त वेळा जातात, त्यांनाही पुढच्या रांगेत खुर्ची असावी.

शेवटी विचार करायला एक प्रश्न. आपल्या हॉस्टेलच्या मेस कमिटीची निवडणूक दरवर्षी होते. त्यात मतदान करतात कोण, आणि रोज दोन्ही वेळा मेसमध्ये जेवतात कोण? या दोन याद्या एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी